ब्रह्मकमळाला तीन वर्षं नुसती पानंच येतायत, मुंबईच्या फ्लॅटमध्ये फूल येईल का?

येईल की! आमच्याकडे ग्रिलमध्ये दरवर्षी पावसाळ्यात येतात. आधी एक समजून घ्या, आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते हिमालयातलं नाही, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग आहे, तिकडे जंगलात झाडांच्या खोडावर वाढतं, म्हणून त्याला कुंडीतली चिकट लाल माती अजिबात सोसत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), विटांचे तुकडे, थोडं शेणखत असं भुसभुशीत मिश्रण करा आणि कुंडी लहानच ठेवा, मुळं दाटली की फुलतं. ऊन फक्त सकाळचं कोवळं, दुपारच्या उन्हात पानं पिवळी पडतात. युरिया तर बंदच करा, त्यानेच नुसती पानं वाढतात.

आणि ती पानं म्हणजे खरं तर चपटे खोड, कळी त्याच्याच कडेच्या खाचेतून येते, त्यामुळे जुनी लांब पानं छाटू नका प्लीज. कळी दिसली की कुंडी हलवू नका, गळते. लोंबणारा देठ वर वळून कळी टम्म फुगली की त्या रात्री जागे राहा, नऊच्या सुमारास उमलायला लागतं आणि सकाळी मान टाकलेली असते.