पाट्या पडतात तेव्हा

सोलापूर

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पुण्याच्या स्पर्धेत तुमच्या लघुपटाला पहिलं बक्षीस मिळालं, स्टेजवर दिग्दर्शक गेला, नायिका गेली, आणि तू खाली खुर्चीत बसून राहिलीस. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या कारखान्यात चार रात्री जागून तू यंत्रमागाचा आवाज घेतलास, दाराबाहेरून, खिडकीतून, अगदी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला खेटून. प्रमाणपत्रावर मात्र ध्वनीचा शब्दही नाही. आणि तू विचारतेस, काका, हे काम सोडून देऊ का?

सोडू नकोस. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मी सतराव्या वर्षी, १९६३ साली, थेटरात ऑपरेटरच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागलो. प्रोजेक्टरच्या आर्क दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत, झिजत, आणि त्यांची टोकं सारखी जवळ आणावी लागत. सोलापूरचा मे महिना आणि त्यात ती केबिन! दोन मशिनं असायची. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र त्या मशीनवरून पाडायचं. खाली बसलेल्या माणसाला रीळ बदललं हे कळलं नाही, तर आपलं काम चोख झालं. आवाजाचंही तसंच आहे. तुझं काम जितकं नीट, तितकं ते लोकांना दिसायचं नाही, हे तुला पत्करावंच लागेल. पण काम दिसत नाही म्हणून नावही नसावं, असं कुणी म्हणालं तर ते मात्र पत्करू नकोस.

त्या काळी नावांच्या पाट्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच पडत. निर्माता, नट-नट्या, संगीत, मग संकलन, ध्वनिलेखन, आणि अगदी बारीक अक्षरात सहाय्यक. तेव्हा खाली काय चाललेलं असे? दारं उघडीच असायची, डोअरकीपरची बॅटरी रांगांवरून फिरत असायची, कुणी तेलुगूत, कुणी कानडीत, कुणी मराठीत ‘सरक की जरा’ म्हणत असायचं. मिलची पाळी सुटून आलेली माणसं अजून घाम पुसत असायची. पाट्या शेवटपर्यंत वाचणारा बहुधा मी एकटाच. दिवसाला तीन खेळ, आठवडेच्या आठवडे. माणसं कधी पाहिली नाहीत, पण त्यांची नावं मला घरच्यांसारखी पाठ झाली.

आणि तरीही माझ्या हातून जे घडलं ते तुला सांगायलाच हवं. एकदा वीज गेली आणि पहिला खेळ लांबला. वरून निरोप आला, ‘शेवटच्या खेळाला पाट्या काप, सरळ गोष्टीवर ये.’ मी रीळ पुढे ओढून लावलं. कुणी तक्रार केली नाही. मग ती सवयच पडली. उशीर झाला की शेवटचा खेळ पाट्यांशिवाय. अशाच एका रात्री खेळ सुटल्यावर एक माणूस केबिनच्या जिन्याशी येऊन उभा राहिला. त्याचा भाऊ मुंबईत ध्वनिविभागात सहाय्यक होता आणि या चित्रपटात त्याचं नाव होतं. आईला तेवढं नाव दाखवायला त्याने गावाहून आणलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. नाव आलं की तो बोटाने दाखवणार होता. मी म्हटलं, उद्या या, पहिल्या खेळाला पाट्या असतात. तो म्हणाला, आई सकाळच्या गाडीने परत जाणार. एवढं बोलून तो जिना उतरला. ती म्हातारी खाली पायरीवर बसली होती. मला तिच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. त्यानंतर मी पाटी कापली नाही, बोलणी खाल्ली तरी.

म्हणून पुरस्कारांचा विषय निघाला की मी आधी रकाने बघतो, म्हणजे कोणकोणत्या कामाला पुरस्कार ठेवलाय ते. कुणाला मिळालं हे सगळेच सांगतात. कोणाकोणासाठी रकाना होता, हे बघायला शीक.

२१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो थेटरात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. निवड वाचकांच्या मतांवर. क्लेअर मेंडोन्सा या समीक्षक बाईंच्या स्मरणार्थ या पुरस्काराला सुरुवातीला ‘क्लेअर’ म्हणत. रकाने किती? पाच. चित्रपट ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार, अभिनेत्री मीनाकुमारी, संगीतकार नौशाद. पाचही नावं सोन्यासारखी, त्यात वाद नाही. पण कॅमेरा, संकलन, आवाज, गीत, गळा यांतल्या एकालाही त्या संध्याकाळी स्टेजवर जागा नव्हती. ‘दो बिघा जमीन’चं संकलन हृषीकेश मुखर्जींचं होतं. फिल्मफेअरची जी बाहुली हातात घेऊन सगळे फोटो काढतात, ती घडवणारे शिल्पकार एन. जी. पानसरे, हे तरी कितीजणांना ठाऊक असतं?

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला सरकारी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींचं पुस्तक, वनमालाबाईंची आई, माधव वझ्यांचा श्याम. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. गल्लीतल्या बायका अशा आनंदल्या होत्या, जणू पदक त्यांनाच मिळालंय! मेट्रोमध्ये पहिला आलेल्या ‘दो बिघा जमीन’ला इथे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. मेट्रोतला निवाडा हिंदी चित्रपटांचा, त्यामुळे तिथे श्यामच्या आईला जागा नव्हती, दिल्लीत होती. पण दिल्लीत पदक चित्रपटाला. नट-नटीसाठी वेगळा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६७ च्या चित्रपटांपासून. ज्या आईला पाहून अख्खा महाराष्ट्र रडला, ती साकारणाऱ्या वनमालाबाईंसाठी रकानाच नव्हता. त्यांचं काम कमी पडलं होतं का? तुझंही कमी पडलेलं नाही.

१९५७ चा फिल्मफेअर सोहळा मात्र नीट ऐक, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. त्या वर्षी आपल्या व्ही. शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ सर्वोत्कृष्ट ठरला. ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, ती सहाय्यक नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण तो वाद रकाना चुकल्याचा होता, आणि तो त्यांच्यापाशीच राहिला.

दुसरा नकार लताबाईंचा. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला होता आणि त्यातलं ‘रसिक बलमा’ सोहळ्यात गावं, अशी शंकर-जयकिशन यांची विनंती होती. बाई नाही म्हणाल्या. पुरस्कार चालीला आहे, गाणाऱ्याला नाही, तर मग चालच वाजवा, असा त्यांचा मुद्दा. विचार कर, तोवर गाणं घराघरात, पानाच्या ठेल्यावर, आपल्या मिलच्या फाटकावर वाजत होतं, आणि ज्या गळ्यातून ते आलं त्याला यादीत जागा नव्हती. दोन वर्षांनी, १९५९ ला, पार्श्वगायनाचा रकाना निघाला. पहिला मान ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी त्यांनाच मिळाला. गीतकाराचा रकानाही त्याच वर्षी. पहिले मानकरी शैलेंद्र, ‘यहुदी’साठी. आणि तरी पुढची कित्येक वर्षं गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार! वेगवेगळे झाले ते १९६८ पासून. साठचं दशक संपता संपता लताबाईंनी नव्या मुलींना वाव मिळावा म्हणून स्वतःचं नाव त्या स्पर्धेतून काढून घेतलं. मला हे फार मोठं वाटतं. भांडून मिळवलेली जागा त्यांनी मागून येणाऱ्यांना मोकळी करून दिली.

रकाना निघाला की काय होतं ते आपल्या गावातच बघ. नटी शशिकलाबाई जन्माने सोलापूरच्या, जवळकरांच्या. वडिलांचा धंदा बसला, घर मुंबईला गेलं, आणि ‘झीनत’मधल्या कव्वालीत ही पोर बायकांच्या घोळक्यात पहिल्यांदा पडद्यावर आली. १९५४ च्या पाच रकान्यांत तिच्यासारखीला जागा नव्हती. पुढच्याच वर्षी सहाय्यक अभिनेत्रीचा रकाना आला, पहिला मान उषा किरण यांना. आणि मग ‘आरती’ आणि ‘गुमराह’, लागोपाठ दोन वर्षं, तो आमच्या शशिकलाबाईंना. दोन्ही चित्रपट मी केबिनच्या झरोक्यातून पाहिले. त्यांच्या नावाची पाटी आली की मी खाली थेटरात बघायचो. कुणाला ठाऊक होतं की ही आपल्याच गावची? मला ठाऊक होतं, आणि तेवढ्यानेही छाती भरून यायची.

आता कामाचं. आयोजकांना पत्र लिही, या आठवड्यातच लिही. माझं नाव राहिलं, एवढंच लिहू नकोस. पुढच्या वर्षीपासून ध्वनी आणि संकलन यांना वेगळा पुरस्कार असावा, आणि प्रमाणपत्रावर प्रमुख तंत्रज्ञांची नावं छापावीत, असं माग. त्या स्पर्धेत आवाजाचं काम करणारी तू एकटीच नव्हतीस ना? बाकीच्यांना गाठ, त्यांच्या सह्या घे. एका माणसाचं पत्र तक्रार म्हणून बाजूला पडतं, दहा सह्यांचं बैठकीत वाचलं जातं. पुढच्या फिल्मच्या वेळी शूटिंगआधी कागदावर लिहून घे, कोणाचं नाव कोणत्या कामापुढे येणार ते. मित्र आहेत, लिहून कशाला, असं म्हणशील. मित्र आहेत म्हणूनच लिही. दिग्दर्शकाशी अबोला धरू नकोस. त्याला स्टेजवर तुझं नाव घ्यायचं सुचलं नाही, हे खरं, पण त्याला माझ्याकडे चहाला घेऊन ये. मी बोलेन त्याच्याशी.

आणि आणखी एक, हे वाचून वाईट वाटलं तरी चालेल. तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यात दिग्दर्शकाचं नाव आहे, नायिकेचं आहे, परीक्षकांची आहेत, कारखान्याच्या मालकाचंही आहे. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, ‘चारही रात्री एक मुलगा माझ्यासाठी बूम धरून उभा होता, हात थरथरायला लागले तरी त्याने खाली घेतला नाही.’ बूम म्हणजे तो माइकचा लांब दांडा ना? एक मुलगा. चार पानांत त्याचं नाव कुठेच आलेलं नाही.

तुमच्या फिल्मच्या पाट्यांत तो आहे का ते बघ. नसेल तर एडिटवाल्याला सांगून आजच घाल. आणि पुढच्या पत्रात त्याचं पूर्ण नाव मला लिहून पाठव.

तुझा,
काका