प्रश्न तुमचे: व्हायरस वापरून जीन गप्प करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मागच्या अंकात लिहिलं होतं की एचआयव्हीपासून तयार केलेला लेंटिव्हायरस वापरून लॅबमध्ये माणसाच्या पेशीतला एखादा जीन गप्प करता येतो, त्यावर बरेच मेल आले, त्यातले तीन घेतोय.

प्रश्न: मुलगी पुण्यात पीएचडी करते. परवा फोनवर सहज म्हणाली, आज एचआयव्हीवाला व्हायरस बनवला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. तिला एड्स होऊ शकतो का? (एक आई, सांगली)

काकू, एड्स होणार नाही, आधी शांत व्हा. तुमच्या लेकीने अर्धीच गोष्ट सांगितली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये एचआयव्हीचे जीन सुटे करून वेगवेगळ्या प्लास्मिडवर ठेवले, प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं. आता ही तीन-चार कडी एकदम एचईके २९३टी नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींत सोडतात, त्या पेशी दोन-तीन दिवस व्हायरस बनवून वरच्या मीडियात, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, सोडत राहतात, तो मीडिया काढायचा, गाळायचा, उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवायचा, झालं. गंमत अशी की त्या व्हायरसच्या पोटात फक्त आपण दिलेला निरोप, म्हणजे अमुक जीन गप्प कर ही सूचना, जातो, पुढचा व्हायरस बनवायची कृती मागे त्या पेशींतच राहते. त्यामुळे तो एकदा पेशीत शिरतो, निरोप देतो आणि तिथेच संपतो, त्याची पिलावळ वाढत नाही.

पण म्हणून हलक्यातही घ्यायचं नाही हं. त्याच्या अंगावरचं कवच दुसऱ्याच एका व्हायरसचं असतं, गुरांना-घोड्यांना होणाऱ्या एका रोगाच्या, आणि त्या कवचामुळे तो माणसाच्या जवळपास कुठल्याही पेशीत शिरू शकतो, शिवाय निरोप पेशीच्या डीएनएत कायमचा चिकटतो. समजा त्यात कॅन्सरला आवर घालणारा पी५३ नावाचा जीन गप्प करायचा निरोप असेल तर तो बोटात टोचून घेण्यात काही शहाणपणा नाही. म्हणूनच बीएसएल-२ लॅब (जैवसुरक्षेची दुसरी पातळी), डबल ग्लोव्ज, सुई आणि काच शक्यतो नाहीच, उरलेला मीडिया ओतण्याआधी हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये. मुलीला दोनच गोष्टी विचारा, सुया वापरता का आणि आयबीएससीची, म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेतलीय का. उत्तर पटकन आलं तर निवांत झोपा.

प्रश्न: एसएचआरएनएचा (जीन गप्प करणाऱ्या आरएनएचा) व्हायरस टाकला, प्युरोमायसिन (व्हायरस न शिरलेल्या पेशी मारणारं औषध) दिलं, क्यूपीसीआरमध्ये (जीनवरून निघालेल्या आरएनए प्रती मोजणाऱ्या चाचणीत) जीन ८० टक्के कमी दिसतोय पण वेस्टर्नवर (प्रोटीन दाखवणाऱ्या चाचणीत) प्रोटीनचा बँड जसाच्या तसा! गाइड म्हणतात ते प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी खराब आहे. (एमएस्सीचा विद्यार्थी, नागपूर)

असेलही, पण आधी हे सांग, लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, कधी केलंस? एसएचआरएनए जीनला हातच लावत नाही रे. तो हेअरपिनसारखा दुमडलेला आरएनए, पेशीतलं डायसर नावाचं एन्झाइम त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे करतं आणि ते तुकडे जुळणारा एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायला जीनवरून निघालेली प्रत, शोधून कापायला लावतात. म्हणजे सातबारा तलाठ्याकडे शाबूत, फक्त बाहेर आलेले उतारे फाडले जातायत. आणि आधीच बनून बसलेलं प्रोटीन? ते त्याच्या वेळेनेच जाणार, काही प्रोटीन तासाभरात संपतात, काही चार-चार दिवस हलत नाहीत. तेव्हा चौथ्या, सहाव्या, आठव्या दिवशीचं लायसेट एकाच जेलवर चालव आणि मग अँटिबॉडीला शिव्या घाल.

दुसरं, व्हायरस न दिलेली प्लेट शेजारी ठेवली होतीस का? त्याच डोसमध्ये तिच्यातल्या सगळ्या पेशी तीन-चार दिवसांत गोल होऊन मीडियात तरंगायला हव्यात. तिथेही निम्म्या चिकटून बसल्या असतील तर तुझा डोस कमी पडलाय, आणि तुझ्या प्लेटमध्ये निरोप न मिळालेल्या पेशीही मजेत वाढतायत.

आता न विचारलेलं सांगतो कारण पुढच्या मेलमध्ये तू तेच विचारणार आहेस. बँड गेला, पेशी वाढायच्या थांबल्या, की लगेच 'हा जीन वाढीला लागतो' असं लिहून मोकळा होऊ नकोस. त्या तुकड्याची सुरुवातीची सात-आठ अक्षरं दुसऱ्याच एखाद्या एमआरएनएशी जुळली तरी तोही दबतो. एमईएलके नावाच्या जीनचं काय झालं ते वाच. आरएनएआयच्या, म्हणजे अशाच आरएनएने जीन दाबायच्या, प्रयोगांवरून वर्षानुवर्षं धरून चालले होते की कॅन्सरच्या पेशींना हा लागतोच, त्याला रोखणारं औषध पेशंटवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. मग कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्या एका ग्रुपने डीएनए कापणाऱ्या क्रिस्परने जीनच तोडला, तोही खरं तर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे परिणाम आधीच माहीत आहे असं धरून तुलनेसाठी, आणि २०१७ मध्ये छापलं की पेशी आरामात वाढतायत! पेपर लिहिणाऱ्यांत कॉलेजची पोरंही होती. तेव्हा एका जीनसाठी निदान दोन वेगवेगळे एसएचआरएनए, सोबत स्क्रॅम्बल्ड कंट्रोल, म्हणजे कुठल्याच जीनशी न जुळणारा एसएचआरएनए, आणि जमलं तर रेस्क्यू, म्हणजे त्याच जीनची अक्षरं थोडी बदललेली, कापली न जाणारी प्रत परत टाकून पेशी पूर्ववत होतात का बघायचं. रेस्क्यू जमला तर माझा विश्वास बसेल, नुसत्या एका हेअरपिनवर मी तरी ठेवत नाही.

प्रश्न: आमच्या घरात दोघांना सिकलसेल आहे. हे जीन गप्प करणं आमच्या काही कामाचं आहे का? (गडचिरोली)

सिकलसेलवर हे माणसांत करून झालंय. सिकलसेलमध्ये बिघडतं ते मोठेपणीचं हिमोग्लोबिन. जन्मानंतर आपलं गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पडतं, ते बंद ठेवणारा मुख्य जीन बीसीएल११ए. बोस्टनच्या डॉक्टरांनी पेशंटच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढल्या, लेंटिव्हायरसने त्यांच्यात हा जीन दाबला आणि पेशी परत दिल्या. सहा पेशंटचे निकाल छापून आले, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागलं आणि त्रास कमी झाला किंवा थांबला. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही नावाची उपचारपद्धती त्याच जीनवर चालते, फक्त तिथे व्हायरस नाही, क्रिस्पर आहे.

पण दोन्हीकडे पेशी परत देण्याआधी जड केमो देऊन बोनमॅरो रिकामा करावा लागतो, आणि खर्च तर विचारूच नका, अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते, डॉक्टरांनी चालू केली असेल तर हे वाचून बंद करू नका, आणि घरात कुणाचं लग्न ठरत असेल तर दोन्हीकडची सिकलसेल तपासणी आधी करून घ्या.