बाळाचा विचार दिवाळीनंतर आहे, मग फॉलिक ॲसिड आत्तापासून कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, ठाण्याहून फोर्टला नोकरी, घर शाकाहारी, दिवाळीनंतर चान्स घ्यायचा विचार. मैत्रीण म्हणते फॉलिक ॲसिड आजपासूनच सुरू कर. नवरा म्हणतो दिवस गेले की डॉक्टर देतीलच. सासूबाई म्हणतात मेथी-पालक खा, गोळ्या गरम पडतात. आणि केमिस्टने न विचारता 5 मिलीग्रॅमची स्ट्रिप हातात ठेवली. यातलं कुणाचं ऐकायचं?

मैत्रिणीचं ऐका. केमिस्टने दिलेली स्ट्रिप मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

मी फार्मासिस्ट आहे, लालबागला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या तब्येतीबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या गायनॅकचाच. पण ही गोळी घ्यायला बायका कधी येतात ते मला रोज दिसतं. बहुतेक जणी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. तोवर या गोळीच्या सगळ्यात मोठ्या कामाची वेळ सरत आलेली असते, कधीकधी सरूनही गेलेली असते. म्हणून तुम्ही आधी विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

तारखा मांडून बघू. समजा पाळी 28 दिवसांची आहे आणि 1 जूनला आली. गर्भधारणा साधारण 15 जूनच्या आसपास होते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून तयार होतात ती न्यूरल ट्यूब सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा जुळून बंद होतात. हे काम गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत संपतं, म्हणजे 13 जुलैला. आता पाळी चुकणार 29 जूनला. लोकलची दगदग, ऑफिसचं टेन्शन, म्हणून उशीर झाला असेल असं म्हणत आठवडा जातो. मग घरी टेस्ट, मग डॉक्टरांची वेळ मिळणार पुढच्या शनिवारी. चिठ्ठी हातात पडते तेव्हा 13 जुलै उजाडलेली असते किंवा मागे पडलेली असते. नवरोबांचं ‘दिवस गेल्यावर बघू’ इथे कमी पडतं. डॉक्टर गोळी देतील हे खरंच आहे, पण कडा नीट जुळल्या की नाही हे तोवर ठरून गेलेलं असतं.

कडा खालच्या बाजूला जुळल्या नाहीत तर स्पायना बिफिडा होतो, म्हणजे कणा पूर्ण मिटत नाही आणि मज्जारज्जूला इजा होते. पायांत बळ नसणं, लघवी-शौचावर ताबा नसणं, डोक्यात पाणी साठणं, असं काहीही त्यातून उद्भवू शकतं. वरच्या बाजूला जुळल्या नाहीत तर मेंदू आणि कवटीचा मोठा भाग तयारच होत नाही. असं बाळ जगत नाही. सोनोग्राफीत हे कळलं की त्या जोडप्यापुढे जे दिवस येतात, ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहेत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

गोळीने हे टळतं याचा पुरावा पक्का आहे. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 7 देशांतल्या 33 केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आधीच्या बाळात असा दोष होता अशा बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून 4 मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, आणि दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीत असा पूर्वेतिहास नसलेल्या बायकांनाही 0.8 मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या मल्टिव्हिटॅमिनचा फायदा दिसला. 1999 मध्ये चीनमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की नुसतं 400 मायक्रोग्रॅमही पुरतं. सगळे दोष याने टळत नाहीत, काहींची कारणं वेगळी असतात. म्हणून गोळी घेतली तरी 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही.

आता डोस. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला 400 मायक्रोग्रॅम रोज, बाळासाठी प्रयत्न सुरू केल्यापासून गरोदरपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत. आपल्या सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही गर्भधारणेआधी आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी हाच आकडा आहे. तुमच्या हातातली 5 मिलीग्रॅमची गोळी म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, साडेबारा पट. ही गोळी रक्तक्षयाच्या उपचारासाठी पूर्वापार वापरात आहे, स्वस्त आहे आणि प्रत्येक दुकानात असते, म्हणून ‘फॉलिक ॲसिड द्या’ म्हटलं की तीच काढून दिली जाते. 400 मायक्रोग्रॅम हवी असेल तर तसा आकडा सांगूनच मागावी लागते. दुकानात नसेल तर मागवून देतात, एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा.

5 मिलीग्रॅम वाईट असं मी म्हणत नाही. काहींना तीच लागते: आधीच्या बाळात न्यूरल ट्यूबचा दोष होता, दोघांपैकी कुणाला स्वतःला किंवा जवळच्या नात्यात तो आहे, मधुमेह आहे, वजन बरंच जास्त आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा प्रश्न आहे. यातलं काही असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात आणि तो द्यायलाच हवा. तुमच्या डॉक्टरांनी तपासून 5 लिहून दिलं असेल, तर माझं हे उत्तर वाचून ते कमी करू नका. माझा आक्षेप फक्त न तपासता, न विचारता दिलेल्या 5 ला आहे. तुमच्यासाठी तो जास्तच महत्त्वाचा आहे, कारण तुमचं घर शाकाहारी आहे.

हा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण काउंटरवर यावर कुणीच विचारत नाही. फॉलिक ॲसिड आणि बी12 शरीरात एकाच कामात जोडीने लागतात. बी12 मासे, अंडी, मटण, दूध-दही यांतूनच मिळतं, डाळी-भाज्यांतून नाही. बोंबील-बांगडे खाणाऱ्या घरात सहसा कमी प्रश्न येतो, पण चहापुरतंच दूध घेणाऱ्या शाकाहारी घरांत बी12 ची कमतरता अगदी सर्रास आढळते. अशा वेळी फॉलिक ॲसिडचा मोठा डोस दिला की रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, आणि बी12 अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि कारण लवकर सापडत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. 2008 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप) जास्त आणि बी12 कमी होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून थेट कार्यकारण सिद्ध होत नाही. पण आपल्याच मातीतल्या, आपल्यासारखंच खाणाऱ्या बायकांवरचा आहे, म्हणून मी तो फार गंभीरपणे घेते. तेव्हा फॉलिक ॲसिड सुरू करतानाच बी12, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बी12 कमी निघालं तर त्याची गोळी किंवा इंजेक्शन सोबत मिळेल. फॉलिक ॲसिड थांबवायची गरज नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मेथी, पालक, शेपू, चवळी, मूग, हरभरा, संत्रं, सगळ्यांत फोलेट असतं आणि ते जेवणात असायलाच हवं. अडचण अशी की फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की बराचसा भाग मोरीत जातो. त्यात पावसाळ्यात आपण पालेभाज्या टाळतो, आणि तुमचे तयारीचे महिने नेमके पावसाळ्यातच येतात. शिवाय गोळीतलं फॉलिक ॲसिड शरीर भाजीतल्या फोलेटपेक्षा जास्त चांगलं शोषून घेतं. म्हणून भाजीही खायची आणि गोळीही घ्यायची. कडधान्यं शिजवलेलं पाणी आमटी-कटात वापरा, तेवढं जरूर करा. ‘गरम पडतं’ म्हणाल तर हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जादा झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. 400 मायक्रोग्रॅमने अंगावर काही उठल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे तरी कुणी आलेलं नाही.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती आपल्या मुंबईची आहे. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं काम चाललं. या बायका काय खातात याची तिने बारकाईने नोंद केली आणि तशाच निकृष्ट आहारावर माकडं ठेवून पाहिली. यीस्टचा अर्क, ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात तो मार्माइट, दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अनोळखी घटक म्हणजेच पुढे फोलेट ठरलं. 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं, अमेरिकेतल्या ज्या गटाने ते केलं त्याचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे ‘आमच्या वेळी कुठे होतं हे’ याचं उत्तर माझ्या दुकानापासून फार लांब नाही. त्यांच्या आजे-सासूच्या पिढीतल्या गिरणगावच्या बायकांमुळेच ते सापडलं.

आणखी एक, महागड्या गोळ्यांबद्दल. ‘मिथाइलफोलेट (फोलेटचं शरीरात वापरलं जाणारं तयार रूप) घ्या, साधं फॉलिक ॲसिड आपल्याला लागू पडत नाही’ असं हल्ली रील्समध्ये सांगतात आणि शरीर फोलेट कसं वापरतं याच्याशी संबंधित असलेल्या एमटीएचएफआर जनुकाची तपासणी करायला लावतात. न्यूरल ट्यूबचे दोष टळतात हे ज्या चाचण्यांत सिद्ध झालं, त्या साध्या फॉलिक ॲसिडच्या आहेत. त्या जनुकात बदल असलेलं शरीरही साधं फॉलिक ॲसिड वापरू शकतं. ते पैसे बी12 च्या तपासणीवर घाला. नवऱ्याने घ्यावं का, तर गरज नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पुरुषांना झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊन काही फायदा दिसला नाही. या गोळीने दिवस लवकर जातात असंही समजू नका.

दिवाळीनंतरचा बेत असेल तर निदान दोन-तीन महिने आधी, म्हणजे गणपतीच्या सुमारास तरी गोळी सुरू झालेली हवी. रक्तातली पातळी चढायला तेवढा वेळ लागतो. आजच सुरू केलीत तर उत्तमच, कारण बेत नेहमी ठरल्या तारखेला होतातच असं नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी त्यांच्यासोबत घेता येते. जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच एक घ्या, दोन नकोत. 12 आठवड्यांनंतर लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी सुरू होते, 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

डॉक्टरांकडे जाताना सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी पिशवीत घालून न्या, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ती थांबवल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ देता कामा नये. सांधेदुखीसाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते फोलेटच्याच कामात आडवं येतं, त्याला काही महिन्यांचं अंतर लागतं. फिटसाठी व्हॅल्प्रोएट असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण चान्स घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना नक्की भेटा. मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर त्यात जीवनसत्त्व अ किती आहे तेही दाखवा, रेटिनॉलच्या रूपात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. यातलं काही चालू असेल आणि काय विचारायचं सुचत नसेल तर खाली औषधाचं नाव आणि डोस लिहा, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देते.