सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतलीय, मुंबईतच चालवणार, स्टेज 1 रिमॅप लगेच मारून घेऊ का?

लगेच नको. रिमॅप म्हणजे ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवणं, आणि स्टेज 1 म्हणजे पार्ट न बदलता. 2015 ची गाडी, 70 हजारच्या वर रनिंग आणि आधीच्या मालकाची सर्व्हिस हिस्ट्री अर्धवट असं तुम्हीच लिहिलंय, मग पहिला खर्च रिमॅपवर कशाला? कंपनीने दिलेली 105 पीएस ताकद तरी गाडी आज पूर्ण देतेय का ते आधी बघा. माझ्याकडे पण हीच गाडी आहे, रोज ठाण्याहून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) सीप्झ, त्यामुळे मुंबईत ही गाडी कुठे रडते ते चांगलं माहितीय.

पहिलं ऑइल. व्हीडब्ल्यू 502 00 (फोक्सवॅगनचा ऑइलचा दर्जा) असं डब्यावर छापलेलं असेल तेच टाकायचं, नाक्यावरचा मेकॅनिक "सिंथेटिकच आहे साहेब" म्हणून काहीही ओतेल, तिथे ऐकायचं नाही. कंपनी 15 हजार किमी किंवा वर्ष म्हणते, पण आपल्याकडे पवईला अर्धा तास अडकलात की इंजिन चालूच असतं आणि मीटर जागचं हलत नाही, म्हणून मी साडेसात-आठ हजारला बदलतो. टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बेअरिंग याच ऑइलवर जगतात, काटकसर करायची असेल तर सीट कव्हरमध्ये करा.

दुसरं, गाडी चांगली तापलेली असताना बंद केलीत की कधीकधी बॉनेटखालून थोडा वेळ बारीक घूंऽऽ असं ऐकू येतं. नवीन मालक घाबरतात, काहीतरी चालू राहिलं म्हणून. तो इलेक्ट्रिक वॉटर पंप असतो, टर्बो थंड करायला फिरतो, आणि याच पाण्यावर इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा) पण चालतो जो इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या आतच बसवलाय. म्हणजे हा पंप गेला तर मे महिन्यात गाडी ढेपाळणार आणि तुम्ही शिव्या देणार पेट्रोलला. स्कॅनर लावून तो चालतोय का ते तपासून घ्या, त्याच वेळी मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) कोड आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) पण बघून होईल. स्पार्क प्लग कधी बदलले हे माहीत नसेल तर सरळ नवीन टाका, त्यांना करंट देणाऱ्या कॉइल पण चेक करा, बूस्ट वाढला की कमजोर प्लग आधी उघडा पडतो.

इंजिन डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसतो आणि तो धुतला जात नाही. टाकीत ओतायच्या बाटल्या विकतात ना, त्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. सकाळी स्टार्ट केल्यावर गाडी थरथरत असेल तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाची भुकटी मारून साफ करतात, ते करणाऱ्याकडेच जा.

आता डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, खरी भीती इथेच आहे. 7 स्पीड, ड्राय क्लच (ऑइलमध्ये न बुडलेले), आणि हा गिअरबॉक्स बनलाय 250 एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनच्या ओढीसाठी. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी गाडी 175 देते, स्टेज 1 नंतर 220 च्या आसपास किंवा वर जाते, म्हणजे कागदावर बसतं पण हाताशी फार काही उरत नाही, आणि तुमचे क्लच आधीच ट्रॅफिकमध्ये झिजलेले. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू सरकताना गाडी थडथड करते का, ते बंपर टू बंपरमध्येच कळतं, रिकाम्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊन नाही कळत. थडथड असेल तर रिमॅप विसरा, आधी क्लच आणि मेकाट्रॉनिक (गिअर-क्लच चालवणारं युनिट) दाखवा. सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून उभे रहा, क्लच सुटतो, काही होत नाही. अर्धा ब्रेक धरून इंच इंच सरकणं आणि फ्लायओव्हरच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं, यानेच वाट लागते. पुढच्याला थोडं जाऊ द्या, मग ब्रेक एकदम सोडा. मधे रिक्षा घुसेल, घुसू दे.

हे सगळं क्लिअर निघालं की पैसे टायर आणि ब्रेकवर. मागे ड्रम आहेत, पुढचे पॅड चांगले टाका, ब्रेक फ्लुइड बदला, पावसाळ्यात वेस्टर्न एक्सप्रेसवर ताकदीपेक्षा थांबणं जास्त कामाचं.

मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टच्या (सायलेन्सरच्या) नादाला लागू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत, आणि दर बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिवाय नाकाबंदीत लांबूनच ऐकू येणारी गाडी कोण सोडतो? रिमॅप दिसत नाही म्हणून चालतो असं पण समजू नका, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला अडवू शकतो.

तरी करायचाच असेल तर ट्यूनरला दोन गोष्टी विचारा. फाइल कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलीय, कारण 95 ची फाइल आणि टाकीत 91 असेल तर नॉक होऊन (पेट्रोल चुकीच्या वेळी भडकून) ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो, मग पैसे भरून मिळालेली ताकद गायब. आणि तुमच्या गाडीची ओरिजिनल फाइल आधी वाचून तुमच्या पेनड्राइव्हवर देणार का. "गरज नाही, आमच्याकडे असते" म्हणाला की चहा पिऊन निघा.