एल्कसाठी ३०० विन मॅग घेऊ का ३०८ पुरेल?

तुम्ही विचारलंय की डेन्व्हरला येऊन दोन वर्षं झाली, यंदा डियर (हरीण) आणि जमलं तर एल्क (त्याचा थोराड भाऊबंद) मारायचाय, रायफल एकच परवडते आणि दुकानदार ३०० विन मॅगच, म्हणजे विंचेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाची रायफल घ्या म्हणतोय (३०८, २४३ वगैरे पण काडतुसांचीच नावं). नका घेऊ. निदान पहिली तरी नको.

मी हेच करून बसलोय. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकत वाढलेलो, त्यात एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या तोडीचं धूड, नर सहज तीनशे किलोचा, मग दणकट काहीतरी पाहिजे ना, घेतली ३०० मॅग. रेंजवर वीस राऊंड मारले तर खांदा काळानिळा, ते एकवेळ चाललं असतं पण पुढे पुढे चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. ती खोड मोडायला मित्राची कमी धक्क्याची २४३ घेऊन अख्खा उन्हाळा सराव केला. गोळी पुढच्या पायामागे फुफ्फुसात बसली तर ३०८ एल्कला भरपूर झाली, पोटात बसली तर मॅग्नम असून पण जखमी जनावर अंधारात शोधत फिरायचं.

नियम पण बघा, आपल्या डेन्व्हरच्या कोलोरॅडो राज्यात रायफल किमान ६ मिलिमीटरची लागते, गोळी डियरला ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) आणि एल्कला ८५ च्या खाली चालत नाही, वर १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड एनर्जी पाहिजे. म्हणजे २२३ बाद, तिची गोळी ६ मिलिमीटरहून बारीक. २४३ नियमात बसते पण नवख्याने तिने एल्क मारायला जाऊ नये असं माझं मत.

राहिल्या ३०८ आणि ३०-०६. गोळीचा व्यास दोन्हीत तोच, ०६ म्हणजे १९०६ साल, तिचं काडतूस लांब, दारू जास्त, म्हणून धक्का पण जास्त. मी आता ३०८ मध्ये १६५ ग्रेन वापरतो. ६.५ क्रीडमूर खांद्याला अजून हलकी, जास्त करून डियरच मारणार असाल तर तीच घ्या, एल्कला मात्र जवळून मारा.

आणि हो, एच-१बी व्हिसावर आहात का? असाल तर आधी हंटिंग लायसन्स काढा, त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. चालू लायसन्स नसेल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक जवळ ठेवताच येत नाही, आणि हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.