कर्करोगाची वेदना : गोळीच्या जोडीला काय करता येते?

प्रश्न (रावेर) : वडिलांच्या गालाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊन चार महिने झाले. तोंड जेमतेम एक बोट उघडते, जबडा ठणकतो. गरम विटेचा शेक द्यावा का?

देऊ नये. रेडिएशन मिळालेल्या त्वचेची संवेदना मंदावलेली असू शकते. चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. गुटखा-तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा जबडा वेळीच व्यायाम न झाल्याने आखडत जातो, याचे मला फार वाईट वाटते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन एकावर एक ठेवाव्यात आणि ही चळत दातांमध्ये अशी सरकवावी, की ताण जाणवेल पण कळ येणार नाही. अर्धा मिनिट धरून सोडावे. असे काही वेळा करावे आणि दिवसातून चार-पाचदा बसावे. जबडा सैल होईल तशी एकेक काडी वाढवावी. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणपणे त्याचीच तीन बोटे उभी मावतात, तेवढे आपले उद्दिष्ट. पहिली बैठक मात्र फिजिओथेरपिस्टसमोरच व्हावी. डॉक्टरांनी वेदनेची गोळी दिलेली असल्यास ती व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेता येईल का, हे त्यांनाच विचारावे. नवी सूज किंवा व्रण दिसल्यास व्यायाम थांबवून दाखवून घ्यावे.

प्रश्न (शिरपूर) : आईचा स्तनाचा कर्करोग कंबरेच्या हाडांत उतरला आहे. शेजारच्या मावशी तेलाने रगडून मालीश करून देतो म्हणतात.

मावशींची माया खरी आहे, पण पोखरलेले हाड दाबाने मोडू शकते, म्हणून कंबर रगडू नये. त्यांनी तळहात-तळपाय हलक्या हाताने चोळावेत. चोळल्याने बरे वाटते ते केवळ मनाचे समाधान नव्हे : स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडला. कुशीवर वळवताना आईंचे खांदे आणि कंबर एकदमच, ओंडका वळवावा तसे वळवावेत आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. हाडाच्या वेदनेवर रेडिएशनची एकच मात्राही पुष्कळ रुग्णांना आराम देते. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न (अमळनेर) : आजोबा भजन ऐकताना कण्हत नाहीत. वेदना खरेच कमी होते, की ते आमच्यासाठी सोसतात?

दोन्ही शक्य आहे, म्हणून त्यांनाच विचारावे : शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, भजनाआधी किती आणि नंतर किती? आकडा जमत नसेल तर रुपयातले किती आणे दुखते, असे विचारावे. जुनी माणसे हे चटकन सांगतात. आठवडाभर हे वहीत लिहिले की डॉक्टरांनाही उपयोग होतो. आधुनिक हॉस्पिस (अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा) चळवळीच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स यांनी वेदनेला शरीर, मन, नाती आणि श्रद्धा अशी चार अंगे असल्याचे मांडले. भीती आणि एकटेपण वाढले की तीच कळ अधिक बोचते. ओळखीचा सूर आणि उशाशी बसलेला नातू ती सुसह्य करतात. भजन संपल्यावर दिवा मंद करून त्यांच्यासोबत सावकाश श्वास घ्यावा, सोडताना दुप्पट वेळ लावावा. मलमपट्टीच्या आधीही हेच करावे.

प्रश्न (धुळे) : अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोन रोखणाऱ्या काही गोळ्यांमुळे सांधे दुखतात, तिथे त्याला संशोधनाचा चांगला आधार आहे. रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना सुया टोचून घेऊ नयेत.

प्रश्न (चोपडा) : हे सारे जमले तर मॉर्फिन बंद करता येईल का? व्यसनाची भीती वाटते.

आपल्या मनाने बंद करू नये. एकाएकी थांबवल्यास वेदना उसळते आणि शरीरालाही त्रास होतो. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. वहीतले आकडे सतत खाली राहिले, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्रा कमी करायची की नाही, ते पाहून तेच ठरवतील.