ब्राउझर बंद न करता, घड्याळाशेजारी सिस्टीम ट्रेमध्ये मिनिमाइझ करून चालू कसा ठेवायचा?

ठेवता येतो. पण ट्रेमध्ये टाकल्याने ब्राउझर हलका होईल अशी आशा असेल तर ती आधी सोडा. टास्कबारवरून खिडकी दिसेनाशी होते, एवढंच. टॅब तेवढेच, रॅमही तेवढीच खाणार.

ठासून सांगतोय, कारण यावरून माझं आणि आमच्या साहेबांचं चांगलंच वाजलं होतं. मी तेव्हा सपोर्टला होतो. ग्राहकांच्या तक्रारी एका वेबपेजवर यायच्या आणि नवी तक्रार आली की ते पेज वाजायचं. पहिलं उत्तर मिनिटाच्या आत गेलंच पाहिजे, असा नियम. साहेबांना मात्र टास्कबार चकाचक हवा! ते पेज सगळ्यांनी ट्रेमध्ये टाकायचं, असा फतवा निघाला. मी तेव्हाच म्हटलं, झाकलेल्या पेजला ब्राउझर झोपवतो. साहेब म्हणाले, "मागे चालू आहे ना? मग झालं तर!" पुढे तक्रारी उशिरा वाजू लागल्या आणि 'जागेवर नसतात' हा शेरा माझ्या नावावर.

जानेवारी 2021 मध्ये क्रोम 88 आलं. तेव्हापासून पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेल्या, गप्प बसलेल्या पेजचे टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप होणारी कामं, मिनिटातून एकदाच चालतात. गाणं वाजत असेल किंवा व्हिडिओ कॉल चालू असेल तर सूट. आमचं पेज दर दहा सेकंदांनी 'नवी तक्रार आली का' असं सर्व्हरला विचारायचं, म्हणजे झाकल्यावर निकालच. मी साहेबांसमोर दोन मशीन ठेवली, एकावर पेज उघडं, दुसऱ्यावर ट्रेमध्ये. फरक डोळ्यांनी दिसला. तरी म्हणे, "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल." आता काय बोलणार!

तर विंडोजवर ट्रेमॉन्ड नावाचं छोटं फुकट टूल आहे. ब्राउझरची खिडकी समोर ठेवून विन, शिफ्ट आणि झेड एकदम दाबा, गेली ट्रेमध्ये. लिनक्सवाल्यांना केडॉकर. फायरफॉक्सची जुनी ट्रे-अॅडऑन शोधत बसू नका, नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 आलं तेव्हाच ती बाद झाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टीमखाली, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अॅप्स चालू ठेवण्याचा पर्याय आहे. त्याने ट्रेमध्ये आयकॉन दिसतो, पण तुमचे टॅब मात्र बंदच होतात. लोक इथेच फसतात.

गाणी ऐकायला ट्रे उत्तम. पण एखाद्या पेजवर लक्ष ठेवायचं असेल तर सरळ छोटी खिडकी करून कोपऱ्यात उघडी ठेवा, साहेब काहीही म्हणोत. हां, क्रोमचा मेमरी सेव्हर, म्हणजे रॅम वाचवायची सोय, चालू असेल तर ती साइट 'कायम चालू ठेवा'च्या यादीत घाला, नाहीतर न वापरलेला टॅब क्रोम परस्पर मेमरीतून उतरवून टाकतं. आणि लॅपटॉप स्लीपला गेला तर यातलं काहीच चालत नाही, ते वेगळं.